जमिनीपासून अमर्याद उंचीपर्यंत

दातांचे डॉक्टर दर रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आकाशात असत, आणि एवढ्या वर्षांत ही गोष्ट कोणाच्याही डोळ्यांत खुपली नव्हती. आठवडाभर लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावून झालं की माणसाला जरा लांबचं बघावंसं वाटतं, इतकंच. विमान दोन जणांचं होतं, तेही दोघं सडपातळ असतील तर. उडण्याआधी डॉक्टर त्याच्याभोवती एक फेरी मारत, पंखाखालून काचेच्या नळीत थोडं इंधन काढून त्यात पाणी तर नाही ना हे उजेडात धरून बघत, चाकाला हलकीशी लाथ मारत आणि सवयीनं पुटपुटत, "दुखलं तर हात वर करा."

विमानानं आजवर हात वर केला नव्हता.

त्या वर्षी एकच उड्डाण महत्त्वाचं होतं. डॉक्टरांची आई एक्क्याऐंशीची. तिचा एक डोळा आधीच गेलेला आणि दुसऱ्याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दोन महिने. फार तर तीन." हे ऐकून घरी आल्यावर ती रडली नाही की काही नाही. झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "अरे, बत्तीस वर्षं मी ही गच्ची रोज झाडतेय. कमरेत वाकून. एकदा मला वरून दाखव."

"गच्ची?"

"मग काय ढग? ढग काय, खालूनही दिसतात."

"रविवारी नेतो," डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी परिपत्रक आलं. मजकूर अगदी साधा होता. संवेदनशील ठिकाणांभोवती दोन किलोमीटरच्या वर्तुळात खासगी वैमानिकांना मज्जाव करण्यात येत आहे. संवेदनशील ठिकाणांची यादी गोपनीय असल्याने, ती आपणांस माहीत आहे असे समजून वैमानिकांनी वागावे. शंका असल्यास अर्ज करावा.

डॉक्टरांना शंका होती. त्यांनी अर्ज केला.

आकाशाचा कारभार पाहणारा नभोनिर्बंध कक्ष एका इमारतीच्या तळघरात होता. खिडकी एकही नव्हती. भिंतीवर आकाशाचा नकाशा होता, म्हणजे एक निळा कागद, आणि त्यावर ठिकठिकाणी पांढऱ्या पट्ट्या चिकटवून ठिकाणं झाकली होती. टेबलामागे बसलेले साहेब डाव्या गालावर हात ठेवून बोलत होते. डॉक्टरांनी लगेच ओळखलं, खालची डावी, शेवटून दुसरी.

"उड्डाणाचं कारण?" साहेबांनी अर्ज उलटा करून पाहिला.

"आईला आमची गच्ची बघायची आहे."

"गच्चीवर जाऊन बघता येत नाही?"

"वरून बघायची आहे."

साहेबांचा पेन थांबला. "वरून. का?"

"बत्तीस वर्षं झाडतेय ती."

"रोज?"

"रोज."

"हं." साहेबांनी एक नवा कागद ओढला. "गच्चीवर काय काय आहे?"

"पाण्याची टाकी. दोन कुंड्या. कपडे वाळत घालायची दोरी. बस."

साहेब लिहू लागले आणि लिहिता लिहिता पुटपुटू लागले. "द्रवपदार्थाचा साठा. मातीने भरलेली दोन भांडी, आतील वस्तू अज्ञात. दोन खांबांमध्ये ताणलेली दोरी, उद्देश अस्पष्ट. वृद्ध महिलेकडून दररोज नियमित साफसफाई." त्यांनी मान वर केली. त्यांच्या नजरेत आता निराळाच आदर होता. "इतकी वर्षं तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत?"

आठ दिवसांनी उत्तर आलं. एखाद्या ठिकाणाकडे कोणी वरून पाहू इच्छितो, याचा अर्थ तेथे पाहण्यासारखे काहीतरी आहे. सबब आपले घर संवेदनशील घोषित करण्यात येत असून त्याभोवतीची हवाई हद्द जमिनीपासून अमर्याद उंचीपर्यंत बंद करण्यात येत आहे. सहकार्याबद्दल आभार.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं फाटकावर पाटी ठोकून गेली. 'हे ठिकाण गोपनीय आहे.' अक्षरं चांगली वीतभर होती आणि लांबून येणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून वळणावर बाण दाखवणारी आणखी एक पाटी लावली होती.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आईनं झाडू उचलला आणि ती नेहमीसारखी गच्चीवर गेली.

त्यावर पहिली नोटीस आली. गच्ची जमिनीपासून तीन मीटर साठ सेंटिमीटर उंच होती. बंद हद्द जमिनीपासूनच सुरू होत होती. म्हणजे सदर महिलेने विनापरवाना आरोहण करून बंद हवाई हद्दीत एकोणीस मिनिटे वावर केला होता.

"आरोहण म्हणजे?" आईनं विचारलं.

"वर जाणं."

"मी काय घार आहे? जिन्यानं गेले मी." मग म्हणाली, "तू तुझ्या कागदांचं बघ पटापटा. हा डोळा काही फाइलीच्या वेगानं चालत नाही, बाबा. काल कुंड्या दोनाच्या तीन दिसल्या."

डॉक्टर तळघरात खेटे घालू लागले. फेरविचाराचा अर्ज, फेरविचाराच्या फेरविचाराचा अर्ज. प्रत्येक वेळी साहेबांचा गाल थोडा आणखी सुजलेला असे. अखेर एका दुपारी साहेब स्वतःच दवाखान्यात हजर झाले. दवाखाना घरातच होता, पुढच्या खोलीत. साहेबांनी फाटकावरची पाटी वाचली, समाधानानं मान हलवली आणि विव्हळत खुर्चीत आडवे झाले.

डॉक्टरांनी खुर्ची उचलायला पेडलवर पाय ठेवला.

"थांबा!" साहेब ओरडले. "किती वर जाते ही?"

"चाळीस सेंटिमीटर."

"म्हणजे मी बंद हद्दीत चढणार. परवानगी आहे?"

"परवानगी तुम्हीच देता, साहेब."

"कक्षात असताना देतो. इथे मी प्रवासी आहे."

नियम तो नियम. साहेब जमिनीलगत पडून राहिले आणि डॉक्टरांनी दोन्ही गुडघे टेकून, लाद्यांवर कोपर ठेवून, घामाघूम होत दाढ काढायला घेतली. सांडशी दाढेवर बसली तेव्हा त्यांना वाटलं, हीच वेळ आहे.

"साहेब, आईचं एक उड्डाण. फक्त दहा मिनिटं. देता ना?"

"आँ," साहेब म्हणाले.

"होकार समजू?"

"आँ आँ!"

दाढ निघाली. चूळ भरून झाल्यावर साहेबांनी रुमालानं तोंड टिपलं. "तोंड उघडं असताना दिलेला जबाब ग्राह्य नसतो, डॉक्टर. पण हात हलका आहे हो तुमचा."

इकडे गल्लीत भलतंच सुरू झालं होतं. समोरच्या शिवणवाल्या काकूंना ती पाटी डोळ्यांसमोर बघवेना. त्या एक दिवस आईला फाटकातच गाठून म्हणाल्या, "आजी, तुमचं एकट्यांचंच काय ते संवेदनशील? आमच्याकडे काय बघण्यासारखं नाही?"

"आहे की. तुमची गच्ची झाडून किती वर्षं झाली ते बघण्यासारखं आहे."

काकू फणकाऱ्यानं गेल्या आणि त्यांनी अर्ज ठोकला, की माझ्याही घराकडे कोणीतरी वरून बघू इच्छितं. कोण, या रकान्यात 'बरेच जण' असं लिहिलं. पंधरा दिवसांत त्यांना पाटी मिळाली. मग शेजारच्या घड्याळजींना मिळाली, मग पलीकडच्या गल्लीला, मग सगळ्या शहराला. पाटी नसलेल्या घराबद्दल लोक हळू आवाजात बोलू लागले, "साधंच आहे हो घर. वरून कोणी बघतसुद्धा नाही." लोक जिने बंद करून अभिमानानं तळमजल्यावर राहू लागले. वरचा मजला ज्यांना सोडता येईना, ते खिडक्या लावून घेऊन 'आम्ही बाहेरगावी असतो' असं सांगू लागले.

शेवटी कक्षाच्या लक्षात आलं की एक ठिकाण असं आहे, ज्याकडे शहरातला प्रत्येक वैमानिक दर वेळी वरून टक लावून बघतो. विमानतळावरची धावपट्टी. उतरण्यासाठी बघावंच लागतं, हा वैमानिकांचा खुलासा पळवाट म्हणून फेटाळण्यात आला आणि धावपट्टी अतिसंवेदनशील ठरली. डॉक्टरांच्या विमानाचे दोर आणखी घट्ट बांधले गेले. काचेची नळी त्यांनी दवाखान्यात आणली आणि रविवारी सात वाजून दहा मिनिटांनी ते ती उजेडात धरून नुसती बघत बसू लागले.

आता आकाशात कोणीच नव्हतं. पण कोणीच नाही, याची खात्री कोण देणार? म्हणून कक्षानं स्वतःचं एक विमान घेतलं. ते रोज शहरावरून फिरतं आणि फोटो काढतं. उतरतं कुठे, हे गोपनीय आहे.

अडीच महिने होत आले होते. आईला आता माणसं आवाजावरून कळत. त्या सकाळी सातवी नोटीस आली. सदर महिलेने पुनःपुन्हा आरोहण केले असून पुरावा सोबत जोडला आहे.

पुरावा म्हणजे एक फोटो होता. वरून काढलेला. भलामोठा, रंगीत, लखलखीत.

डॉक्टरांनी आईला दारात उजेडाला बसवलं, फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि दवाखान्यातलं भिंग तिच्या हातात दिलं. आई इतकी वाकली की नाक कागदाला लागलं.

"हे चौकोनी काय?"

"टाकी."

"कुंड्या दोनच आहेत ना?"

"दोनच."

"आणि हा ठिपका?"

"तू."

ती बराच वेळ बघत राहिली. मग ती म्हणाली, "किती छान दिसते रे." आणि थोड्या वेळानं, "टाकीमागचा कोपरा राहिलाय बघ. बत्तीस वर्षं राहिलाय मेला." आणि झाडू घेऊन, चाचपडत चाचपडत, आठव्या नोटिशीसाठी जिना चढू लागली.

गोष्ट खरं तर इथे संपते. पण त्या फोटोत आजूबाजूच्याही गच्च्या आल्या होत्या आणि उठण्याआधी आईचं भिंग त्यांच्यावरूनही फिरलं होतं. एका गच्चीवर ते थांबलं. मोडकी खुर्ची, फाटकी गादी, जुन्या रंगाचे डबे, त्यांत साचलेलं पाणी. खाली फाटकावर मात्र पाटी एकदम नवीकोरी, पुसून लख्ख केलेली.

"अगं बाई! ही कोणाची रे?"

डॉक्टरांनी पाहिलं, ओळखलं आणि तुमचं नाव सांगितलं.

तुम्ही आता वर जाऊन खात्री करू नका. ते आरोहण होईल.