आपल्यापेक्षा ज्येष्ठ व्यक्ती बोलत आहे

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. संकट नेमकं कुठल्या काठावर आलं आहे याचा वाद मिटेपर्यंत संकट सहसा उरकून गेलेलं असे. त्यावर उपाय म्हणून २०१८ साली ‘संयुक्त आपत्कालीन संपर्क केंद्र’ स्थापन झालं. जुने वायरलेस संच भंगारात गेले आणि ब्रॉडबँडवर चालणारे, बटण दाबून बोलायचे नवे संच आले. केंद्राचा एकमेव ऑपरेटर हनुमंत याची अठरा वर्षं वायरलेसच्या खरखरीत गेली होती. नवा संच त्याला मनापासून आवडला. एक बटण दाबलं की अँब्युलन्सपासून आगीच्या बंबापर्यंत सगळ्यांना स्वच्छ ऐकू जात होतं.

पुण्याहून आलेल्या इंजिनिअर अनुपमाबाईंनी बैठकीत नियम समजावून सांगितला. एका वेळी एकानंच बोलायचं. वरच्या क्रमांकाच्या माणसानं बटण दाबलं, की खालच्याचं बोलणं तिथंच तुटतं. “म्हणून पहिला क्रमांक ऑपरेटरचा,” त्या म्हणाल्या.



“म्हंजी,” केंद्राचे अध्यक्ष पोपटराव सावकाश म्हणाले, “मी बोलत असताना हा हनुमंता माझं बोलणं तोडणार?”

“इमर्जन्सी असेल तर, हो.”

“बाई, इमर्जन्सी असंल तवाच तर मी बोलणार ना.”

अनुपमाबाईंनी वही मिटली. संच सर्व मान्यवरांना वाटायचे आणि क्रमांक मानाप्रमाणे द्यायचे असं ठरलं. मान ठरवायला उपसमिती नेमली. तिच्या तीन बैठकांत दोन खुर्च्या मोडल्यावर कुणाला तरी केंद्राच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका आठवली. तिच्यातला नावांचा क्रम आधीच दोन महिने भांडून ठरलेला असल्यानं तोच जसाच्या तसा यंत्रात भरण्यात आला. अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, असं उतरत उतरत पत्रिकेच्या तळाशी ‘ध्वनिव्यवस्था’ या शब्दापुढे हनुमंतचं नाव होतं. त्याला एकतिसावा क्रमांक मिळाला. अँब्युलन्सचा ड्रायव्हर खंडू पत्रिकेत नव्हताच, म्हणून त्याच्या संचावर फक्त ऐकण्याची सोय ठेवली. शिवाय दोन साधनांमुळे गोंधळ उडतो, या कारणास्तव ड्रायव्हर मंडळींचे मोबाइल केंद्रात जमा करून घेण्यात आले.

मार्चमधल्या एका सकाळी वडगाव रासाईहून हनुमंतची चुलती अनसाबाई हिचा फोन आला.

“हनुमंता, उसाला दारं धरताना आबांच्या पायाला घोणस डसली रं. पाय टम्म सुजलाय. शेजारचा सोराज म्हणतोय मोटरसायकलवर घेतो.”

“नको काकू. त्यांना हलवू नका. अँब्युलन्स केडगावात उभी हाय. अर्ध्या तासात दारात येईल.”

चुलते रखमाजी आबा यांनीच हनुमंतला लहानाचं मोठं केलं होतं. नव्या संचावर त्याचा विश्वास होता. त्यानं बटण दाबलं. “खंडू, वडगाव रासाईच्या रखमाजी आबांना घोणस—”

“नमस्कार,” संचातून पोपटरावांचा आवाज आला. “रखमाजींविषयी आत्ताच कळलं. घोणस म्हंजी वाईटच. तातडीनं मदत पोचली पाहिजे असा मी आदेश देतो.”

हनुमंतनं पुन्हा बटण दाबलं. संच ‘टूं’ करून अदबीनं म्हणाला, “कृपया प्रतीक्षा करा. आपल्यापेक्षा ज्येष्ठ व्यक्ती बोलत आहे.”

उपाध्यक्ष जयसिंग यांनी आदेशाला पाठिंबा दिला आणि रखमाजी किती मनमिळाऊ होते ते सांगितलं. प्रमुख पाहुण्यांनी ‘होते’ ऐकलं आणि तीव्र दुःख व्यक्त केलं. चौथ्या क्रमांकावर वडगाव रासाईचे सरपंच होते. त्यांनी गावात न भरून येणारी पोकळी निर्माण झाल्याचं जाहीर केलं. ते त्या वेळी पुण्यात होते.

निघायचा निरोप अर्धाच पोचला होता, आणि आता खंडूला आबा गेल्याचंच वाटत असणार. हनुमंतनं खंडूचा मोबाइल लावला. तो त्याच्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये वाजला.

तेवढ्यात काकूचा पुन्हा फोन आला. “गाडी निघाली का रं? त्यांना डोळं उघडंना झालंत.”

“निघाली,” हनुमंत म्हणाला, आणि त्याला स्वतःची किळस आली. सोराजला अडवलं नसतं तर आबा एव्हाना दवाखान्यात असते. आता मोटरसायकलवर कुणी बसवणार त्यांना? तो बटण दाबत राहिला आणि संच त्याला तितक्याच अदबीनं थांबवत राहिला. एकवीस मान्यवर बोलून झाले. बाविसाव्यांनी रखमाजींच्या नावानं कुस्त्यांचं मैदान भरवायची सूचना मांडली.

शेवटी जयसिंग भरल्या आवाजात म्हणाले, “आता आपण समद्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू.”

जिथं होते तिथं सगळे उभे राहिले. सवयीनं हनुमंतही हात जोडून उभा राहिला. अर्धं मिनिट तसंच गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की कुणीच बोलत नाहीये. त्यानं झडप घातली. या वेळी संचाचा दिवा हिरवा झाला.

“खंडू, वडगाव रासाई, देवळामागचं रखमाजी आबांचं घर. लस असलेल्या दवाखान्यात न्यायचंय. आबा जिवंत हायेत. नीघ.”

खंडूला उत्तर देण्याची सोय नव्हती. हनुमंत टेबल धरून बसून राहिला. पंचवीस मिनिटांनी काकूचा फोन आला. गाडी आली होती.

आबा वाचले. हनुमंतला नोटीस मिळाली: ज्येष्ठांच्या स्तब्धतेत विनापरवाना बोलणे, आणि मयतास जिवंत म्हणून सभागृहाची दिशाभूल करणे. याच घटनेच्या अहवालात मात्र सर्व मान्यवरांनी पहिल्याच मिनिटात प्रतिसाद दिल्याची नोंद होती.

आबांनी दोन शब्द लिहून दिले तर नोकरी टिकेल, या आशेनं हनुमंत दवाखान्यात गेला. आबा उशीला टेकून बसले होते.

“त्या डबड्यावर काय काय झालं, ते गाडीत खंडूनं समदं सांगितलं,” ते म्हणाले. “तू बोललास म्हणून जगलो, व्हय. पर मला सांग, मेल्यालं माणूस वडगावचं, आन् वडगावच्या सरपंचाला चौथा नंबर? ह्ये आपल्याला पटलं न्हाई. मला एक संच मिळवून दे. पुढच्या बारीला गावाचं मी बघतो.”

हनुमंतनं अर्ज लिहिला. स्वतःच्या नोकरीचं राहूनच गेलं. प्रत्यक्ष सर्पदंशाचा अनुभव, या निकषावर अर्ज एकमतानं मंजूर झाला आणि आबांना क्रमांक मिळाला.

कितवा, हे तुमच्या मनात आलंच असेल. तिसरा. आबांच्या पायाचं काय झालं, हे तुम्ही अजूनही विचारलेलं नाही.