नसलेल्या खुर्चीवर

मी एकदा नसलेल्या खुर्चीवर बसलो. भानुदासकाकांच्या ओसरीवर, दाराशेजारी, त्यांची वेताची खुर्ची वर्षानुवर्षं असायची. गप्पांच्या नादात मागं न बघता अंग सोडून दिलं आणि थेट फरशीवर आलो. माझ्या वजनाचा माणूस पडला की आवाज होतो. काका मात्र भिंतीला टेकून शांत बसलेले.

"आरं, खुर्ची तुझ्याच घरी धाडली सकाळी. बायकोनं सांगितलं न्हाई व्हय?"

काका आमच्या कुंभार पिंपळगावात शेजारीच राहतात. जन्मभर भांड्यांचं दुकान चालवलं. गावातल्या कितीतरी लग्नांच्या ताटा-तांब्यांवर नावं कोरली ती त्यांनीच. लोकांची घरं भरण्यात हयात गेली, आणि काकू गेल्यावर दुकान पुतण्याकडं सोपवून हे स्वतःचं घर रिकामं करायला बसले. कपाट गेलं, पलंग गेला, भिंतीवरचं घड्याळ गेलं. कुणी नुसतं पाणी प्यायला गेलं, तरी पेला घेऊन परत यायचं.

"वस्तू गेली की तिच्यामागची चिंता जाती. बिलकुल मोकळं वाटायलंय बघ," हे त्यांचं पालुपद.

आणि खरं सांगतो, त्या घरात मोकळं वाटायचं. एका दारानं वारा यायचा आणि कशालाही न अडखळता दुसऱ्या दारानं जायचा. दुपारी लिंबाची सावली खिडकीतून आत उतरायची, फरशीवर पसरायची, मग हळूच भिंत चढायची. बोललेला शब्दही जरा वेळ खोलीत फिरून मगच खाली बसायचा. तिथं आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळेनासं व्हायचं.

संध्याकाळी मात्र काका आमच्याकडं येत. थेट खुर्चीकडं. "ऊन लागून राह्यलं का हिला?" म्हणत ती जरा सरकवायची, बसायचं, हात वेतावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. बायको चहा आणी, पोरं भांडत, कुकर शिट्ट्या मारी. काका त्या गोंधळावर तरंगत असल्यासारखे बसून राहत. दिवेलागणीला उठून जात.

मला वाटलं, एवढी शांती आपल्यालाही पाहिजे. घरात माझ्यासकट बरीच अडगळ होती.

"सुरुवात पोटापासून करा," बायको म्हणाली.

मी खुर्चीपासून केली. बाजारातल्या रशीदभाई टेलरला देऊन टाकली.

संध्याकाळी काका आले. नेहमीसारखे कोपऱ्याकडं वळले. हात खुर्चीच्या पाठीसाठी पुढं झाला आणि तसाच हवेत राहिला.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मोकळा झालास."

"बसा ना काका, चहा टाकलाय," बायको म्हणाली.

"न्हाई, मंग येतो."

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. बायको रोज चहाला एक कप पाणी जास्त घालायची आणि माझ्याकडं बघायची.

शेवटी रशीदभाईंकडं गेलो. खुर्ची परत मागायची लाज वाटत होती, म्हणून आधी त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची तारीफ केली.

"काकांनीच दिलंय," शिलाई न थांबवता रशीदभाई म्हणाले. "रोज दुपारी चावी द्यायला येतात. तशी एक चावी आठवडाभर बराबर पुरती ह्याला. मी काई बोलत न्हाई. येऊन राह्यलेत तर येऊ द्या."

मग काकांचा पलंग कुणाकडं गेला, कपाट कुणाकडं, पेले कुणाकडं, हे मला एकेक करून आठवायला लागलं.

खुर्ची डोक्यावर घेऊन भर बाजारातून आलो. ती कोपऱ्यात ठेवली आणि काकांच्या दारात जाऊन म्हणालो, "काका, खुर्ची परत आणलीय. पण आता कुरकुरायलीय. जरा बसून बघता का?"

गडबडीत त्यांनी चपला उलट्या पायांत घातल्या. "चल जल्दी," म्हणाले. "तुला न्हाई कळायचं त्यातलं."

खुर्ची जरा सरकवून ते बसले. पोरं भांडायला लागली, तसे त्यांचे डोळे मिटले.

ते गेल्यावर बायको कप विसळत म्हणाली, "अहो, त्यांच्याकडं चहाचं पातेलं राहिलंय का अजून? असलं तर मागून आणा. सकाळचेही येतील."