गच्चीवरची जागा

दर्शनाने विद्यापीठातल्या मुलांसाठी वेबसाइट काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘गच्ची’. नायगावच्या बीडीडी चाळीत एका खोलीत सहा माणसं, त्यामुळे पहिलीपासून कॉलेजपर्यंतचा सगळा अभ्यास तिने चाळीच्या गच्चीवरच केला होता. तिथेच मैत्रिणी मिळाल्या, तिथेच भांडणं झाली, तिथेच एकमेकींच्या वह्या उतरवल्या. आता चाळ पाडून टॉवर होणार होता, आणि टॉवरच्या गच्चीला म्हणे कुलूप असतं. तेव्हा या मुलीने काय करावं? सगळ्या विद्यापीठाला पुरेल अशी दुसरी गच्ची बांधायला घेतली. तिथे ओळखी कराव्यात, नोट्स मागाव्यात आणि मनात येईल ते लिहावं. दोन वर्षं ती एकटी राबली. एवढी चिकाटी प्रस्तुत लेखकाने फक्त चाळीतल्या ढेकणांत पाहिली आहे.

विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागाने अखेर तिची दखल घेतली. विभागाच्या ललिता मॅडम म्हणाल्या, “छान केलंयस. आवडलं तर विद्यापीठ गच्ची स्वतःकडे घेईल, सगळ्या कॉलेजांत नेईल. पण एक अट. तिथला प्रत्येक जण खरा विद्यार्थी हवा. एक जरी खोटा निघाला, तर फाईल बंद.”

“एक नोंदणी क्रमांक, एक माणूस. नियमच आहे, मॅडम,” दर्शना छाती फुगवून म्हणाली.

पण नियमाने गच्ची भरत नाही. दर्शनाने वर्गातल्या सगळ्यांना पकडून पकडून नोंदवलं. त्यात तिची जिवलग मैत्रीण शेफाली पहिली. शेफाली स्वभावाने इतकी लाजाळू, की हजेरीलासुद्धा ती हळूच हात वर करायची. तिने नाव नोंदवलं आणि एक ओळही लिहिली नाही. एके दिवशी दर्शना नायगावच्या बाजारात, शेफालीच्या आजीच्या मासळीच्या ओट्यापाशी, तिच्यावर उखडली.

“शेफू, महिना झाला! तुझी जागा रिकामी पडलीय. अजून आठ दिवस काही लिहिलं नाहीस ना, तर आपोआप बंद होईल.”

“लिहिते गं,” शेफाली म्हणाली आणि विसरून गेली.

ओट्यावर बसलेल्या काशीबाई मात्र विसरल्या नाहीत. जुनी अकरावी पास झालेली ही कोळीण चाळीस वर्षं त्याच जागेवर बसत होती. त्याआधी तिथे सासू बसायची. परवाना अजून सासूच्याच नावावर होता. सासू वारून वीस वर्षं झाली, तरी बाजारात कुणी हरकत घेतली नव्हती. नाव कुणाचंही असो, घरातलं माणूस बसलं की झालं. जागा तेवढी रिकामी ठेवायची नाही, नाहीतर दुसरी कुणीतरी टोपली मांडते. काशीबाईंना बाजाराचा हा कायदा पाठ होता आणि गच्चीचा वेगळा असेल असं त्यांना वाटायचं काही कारणच नव्हतं.

शेफालीने आपला जुना फोन आजीला दिला होता. त्यात गच्ची उघडीच होती. बोललं की आपोआप लिहिणारं बटण काशीबाईंना ठाऊक होतं, कारण बोटाला मासळीचं पाणी असल्यावर टाईप कसलं करणार? नातीची जागा जाऊ नये म्हणून त्या दुपारी जेवणाआधी तिथे जाऊन बसल्या आणि बोलल्या.

पहिला लेख होता ‘ताजी मासळी कशी ओळखावी’. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांनी तो डोक्यावर घेतला. दुसरा होता, ‘ताजा मुलगा कसा ओळखावा’. त्यात लिहिलं होतं, “डोळे चमकतायत का बघा. शिळा असला की बर्फ फार लावतो.” तो सगळ्या मुलींनी एकमेकींना पाठवला. मग मुलं प्रश्नच विचारू लागली. परीक्षेची भीती वाटते, आईशी पटत नाही, मित्राने बोलणं टाकलंय. काशीबाई गिऱ्हाईक नसेल तेव्हा प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. तीन आठवड्यांत गच्चीवर सगळ्यात जास्त वाचली जाणारी लेखिका होती शेफाली.

हे शेफालीला कळलं ते निलेशमुळे. वर्गातला देखणा निलेश आपणहून तिच्याजवळ आला आणि म्हणाला, “काय भारी लिहितेस यार! ते बर्फाचं वाचून मी पावडर लावणं सोडलं.”

शेफाली घरी जाऊन आजीवर ओरडली. “आजी, माझ्या नावावर तू लिहितेस?”

“मंग काय, जागा जाऊ द्यायची? तू बसत नाय, मी बसले. उद्यापासून तू बस.”

पण उद्यापासून बसणार कोण आणि लिहिणार काय? शिवाय निलेश रोज बोलत होता. शेफालीने ठरवलं, चार दिवस असंच चालू द्यावं. दर्शनाला सांगायची हिंमत तिला झाली नाही.

ते चार दिवस संपले शुक्रवारी, अकरा वाजता. परळच्या कॉलेजच्या सभागृहात गच्चीची ओळख करून द्यायचा कार्यक्रम होता. समोर चारशे मुलं, पहिल्या रांगेत विद्यापीठाची समिती. दर्शनाने नवीन सोय दाखवायची ठरवली होती. कुणी लिहायला लागलं की ते अक्षर न् अक्षर पडद्यावर उमटणार. आणि लिहिणार कोण, तर अर्थातच शेफाली!

शेफालीला हे आदल्या दिवशीच कळलं होतं. तिने सकाळीच आजीच्या हातापाया पडून सांगितलं होतं, “मी मिस्ड कॉल दिला की प्रश्न वाच आणि बटण दाबून बोल. बाकी एक शब्द बोलू नकोस.”

“शुक्रवारचा बाजार हाय गो,” काशीबाई कुरकुरल्या होत्या. “बरं, बोलते.”

प्रश्न आला. रत्नागिरीहून पहिल्या वर्षाला आलेल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘इथे कुणी ओळखीचं नाही. रोज रडू येतं. घरी परत जाऊ का?’

शेफालीने मिस्ड कॉल दिला आणि लॅपटॉपसमोर नुसती बोटं हलवत बसली. पडद्यावर अक्षरं उमटली.

‘पोरी, मी पहिल्यांदा बाजारात बसले तवा मी पण रडले. टोपलीवर फडकं टाकलं आणि त्याच्याखाली तोंड घालून रडले.’

ललिता मॅडमनी चष्मा काढला.

‘बाजूच्या बाईनं काय विचारलं नाय. फक्त आपला डबा उघडून माझ्यापुढं सरकवला. तूपण तिथं बघ, कुणीतरी ए ताई, ए, दाबून काय बघतेस, उशी हाय काय ती? ठेव खाली! पापलेट हाय ते!’

एक क्षण कुणालाच कळेना. मग चारशे मुलं एकदम हसली. शेफालीने घाबरून दोन्ही हात वर केले, आणि तिथेच घात झाला. हात हवेत आणि अक्षरं धावतायत.

‘नसेल घ्यायचं तर पुढं हो, माझं लेक्चर चाललंय. हां, तर पोरी, कुठं होते मी? कुणीतरी डबा सरकवेल बघ. नाय सरकवला तर तू सरकव.’

“शेफाली,” ललिता मॅडम उभ्या राहिल्या, “हे कोण लिहितंय?”

शेफालीच्या तोंडून जेमतेम दोन शब्द फुटले. “माझी आजी.”

दोन वर्षांची मेहनत दर्शनाच्या डोळ्यांपुढून गेली. मागून कुणीतरी ओरडलं, “जाऊ द्या ना मॅडम, आजी भारी आहेत!” दर्शनाला हे हसण्यावारी नेता आलं असतं. गंमत म्हणून ठरवून केलं, असंही सांगता आलं असतं. तिने तसं काही केलं नाही. ती लॅपटॉपपाशी गेली.

“मॅडम, मला माहीत नव्हतं, पण चूक गच्चीची आहे. एक नंबर, एक माणूस,” ती म्हणाली. “नंबर दुसऱ्याला वापरू दिला तर वर्षभर बंद.” आणि तिने सगळ्यांसमोर शेफालीचं खातं बंद केलं. सभागृहातून मोठा सुस्कारा उठला.

समितीने आपसांत कुजबुज केली. मग ललिता मॅडम म्हणाल्या, “फाईल बंद करायची असंच मी ठरवलं होतं. पण आपली सगळ्यात गाजलेली लेखिका, वर जिवलग मैत्रीण, जी मुलगी स्वतःच्या हाताने काढून टाकते, तिच्या गच्चीवर आम्हाला वेगळा पहारा ठेवायला नको. गच्ची विद्यापीठाची झाली.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दर्शना मात्र रडत होती, कारण संध्याकाळी तिला ओट्यावर जायचं होतं.

“माझी जागा उचललीस?” काशीबाईंचा कोयता हवेत थांबला.

“आजी, तिथे विद्यापीठाचा नंबर लागतो. ज्याचा त्याचा.”

“आणि त्या रत्नागिरीच्या पोरीला आता कोण विचारणार?” काशीबाईंनी कोयता खाली ठेवला. “मंग तो नंबर कुठं मिळतो?”

मुक्त विद्यापीठाला वयाची अट नव्हती, आणि त्याचे नोंदणी क्रमांकही आता गच्चीवर चालत होते. जूनमध्ये काशीबाईंनी ट्रंकेतून अकरावीचं प्रमाणपत्र काढलं, अर्ज भरला आणि ऑगस्टमध्ये अडुसष्टाव्या वर्षी त्यांना नोंदणी क्रमांक मिळाला. तो दर्शनाने स्वतः गच्चीवर चढवला. त्यांचा पहिला लेख पडला, तेव्हा खाली पहिली दाद होती रत्नागिरीच्या मुलीची. ‘आजी, मी डबा सरकवला. आता आम्ही पाच जणी आहोत.’

ऑक्टोबरात परीक्षा आली. सगळ्या नोट्स गच्चीवर, सगळ्या चर्चा गच्चीवर, निलेशही गच्चीवर, आणि शेफालीचं वर्ष संपायला अजून सहा महिने. एका दुपारी ती ओट्यापाशी येऊन घुटमळली.

“आजी, पाचच मिनिटं तुझ्या जागेवर बसू?”

“नाय गो. एक नंबर, एक माणूस,” काशीबाईंनी हात पुसून फोन उचलला. “तुला काय बघायचंय ते सांग, मी वाचते. हां, हा बघ, त्या निलेशनं मला इचारलंय, शेफाली हल्ली का बोलत नाही म्हणून.”

“आजी! हळू वाच ना!”

पण शेजारच्या चारही ओट्यांवरचे कोयते थांबले होते, आणि काशीबाईंनी चष्मा लावून पुढची ओळ वाचायला घेतली होती.