रविवारची कॉफी

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरून कॉफीचा वास आला तसे मधुसूदनराव ताडकन उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. मग परत उघडली. चेन्नईच्या मार्चमध्ये खिडकी लावून बसणं म्हणजे स्वतःला उकडून घेणं, आणि खरं सांगायचं तर आता तेवढा वासच त्यांच्या वाट्याला उरला होता.

“अर्चना, खाली कॉफी होतेय.”

“होऊ दे की.”

“आंटींनी सोडलीय कॉफी. माझ्यासमोर सांगितलंय त्यांनी.”

“तुम्ही तुमच्यापुरतं बघा. मी जरा खाली जाऊन येते,” असं म्हणून अर्चनाताई निघूनही गेल्या.

पेरंबूरचं ते घर आरोग्यमेरी आंटींचं. त्या खाली आणि हे दोघं भाडेकरू वर. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही मधुसूदनरावांनी चेन्नई सोडली नव्हती, ती निम्मी आंटींच्या शेजारासाठी आणि निम्मी कॉफीसाठी. नाशिकहून आलेल्या या चहाबाज माणसाच्या हातातून आता उठल्यापासून निजेपर्यंत कॉफीचा पेला सुटत नसे.

फेब्रुवारीत एका बुधवारी आंटी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून आल्या. जिन्यापाशी मधुसूदनरावांनी विचारलं तेव्हा आपल्या तमिळ-इंग्रजी खिचडीत म्हणाल्या, “आजपासून ईस्टरपर्यंत कॉफी बंद, सार. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला. आपण निदान जिभेला एवढा तरी लगाम घालावा.”

“चाळीसच? आम्ही चातुर्मास करणारी माणसं. चला, मीही सोडतो.”

चातुर्मास त्यांच्या आईने केले होते. यांनी त्यात फक्त साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती.

“ईस्टर कधी ते ठाऊक आहे ना, सार?”

“मला विचारता? हनुमान जयंती झाली की पुढचा रविवार. दोन वर्षं पंचांगाशी ताडून पाहिलंय.”

आंटींनी काही सांगायला तोंड उघडलं, तोवर मधुसूदनराव वर पोचले होते. त्यांनी कॉफीचा फिल्टर माळ्यावर टाकला आणि ‘अठ्ठावीस एप्रिलपर्यंत कॉफी वर्ज्य’ ही बातमी निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर, महाराष्ट्र मंडळात आणि श्रीपेरुंबुदूरच्या जावयाला कळवून टाकली. आता माघार म्हणजे भर चौकात नाक कापून घेणं.

पहिले काही दिवस नुसतं डोकं दुखलं. मग हातापायांना चैन पडेना. त्यांनी चांगला चाललेला मिक्सर उघडला आणि तो पुन्हा जुळेना. इस्त्रीवाल्याशी लेंग्याच्या घडीवरून भांडण काढलं. गच्चीवर इतक्या येरझारा घातल्या, की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी काय हरवलंय म्हणून विचारलं. आणि दर रविवारी खालून तो वास. “बाईंचा निश्चय रविवारी डळमळतो,” असा निष्कर्ष काढून ते आपला निश्चय आणखी घट्ट करत. तेवढंच सुख होतं.

होळीच्या दिवशी सकाळी रस्त्यावरून कोवळ्या झावळ्या घेतलेली मिरवणूक गेली. आंटींनी झावळीचा चिमुकला क्रूस विणून वर पाठवला, अर्चनाताईंनी पुरणपोळ्या खाली पाठवल्या.

“ईस्टरच्या आधीच्या रविवारी निघते म्हणे ही मिरवणूक,” अर्चनाताई म्हणाल्या.

“तालीम असेल. अजून पाडवासुद्धा व्हायचाय.”

पुढच्या रविवारी सकाळीच दार वाजलं. दारात आंटी, नवी कांजीवरम नेसलेल्या. एका हातात केक आणि रंगवलेली अंडी, दुसऱ्या हातात वाफाळता पितळी पेला.

“हॅपी ईस्टर, सार. आधी कॉफी घ्या.”

मधुसूदनरावांचा हात पुढे गेला आणि तसाच पाठीमागे गेला. “आज कसा ईस्टर? हनुमान जयंती व्हायचीय.”

“वसंतात दिवस-रात्र सारखे झाले, की त्यानंतरची पहिली पौर्णिमा. येशू मरणातून रविवारी उठला, म्हणून तिच्या पुढचा रविवार. तुमच्या पोळ्या आल्या ना, तीच ती पौर्णिमा.”

“गेल्या वर्षी अधिक महिना होता,” अर्चनाताई म्हणाल्या. “म्हणून यंदा आपला चैत्र उशिरा. जावयाला वाण म्हणून चांदीचं ताट दिलंत, विसरलात?”

ताट विसरणं शक्यच नव्हतं. पण ग्रुपवरच्या मंडळींनाही अठ्ठावीस तारीख विसरणं शक्य नव्हतं.

“माझा ईस्टर अठ्ठावीसलाच,” ते म्हणाले. आवाज मात्र पेल्याकडे बघून निघाला.

आंटींना त्यांची दया आली. “मग रविवार म्हणून घ्या, सार. रविवारी उपास नसतोच. रविवार वगळून चाळीस दिवस धरतात. मी दर रविवारी घेतच होते.”

मधुसूदनरावांच्या डोळ्यांपुढून सगळे रविवार एकामागून एक गेले. ते अर्चनाताईंकडे वळले. “तुला ठाऊक होतं?”

“दर रविवारी मी खाली काय फुलं मोजायला जात होते?”

“मला बोलली नाहीस.”

“बोलायला लागले की तुम्ही चातुर्मासावर येत होता.”

मधुसूदनरावांनी पेला घेतला. “आज ईस्टर नाही. फक्त रविवार आहे,” एवढं बजावलं आणि एका दमात तो रिकामा केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी कॉफी गरम असल्यावर ढकललं.

सोमवारी सकाळी अर्चनाताईंनी फिल्टर माळ्यावरून काढला, घासला आणि एक पेला कॉफी केली. एकच.

“माझी?”

“तुमचा उपास आहे ना, अठ्ठावीसपर्यंत. आज काही रविवार नाही.”

मधुसूदनरावांनी दोन खोल्यांत येरझारा घातल्या. कॅलेंडरचं पान उलटून अठ्ठावीस तारखेकडे पाहिलं. ती फार लांब होती. शेवटी ते दाराशी चपला शोधू लागले.

“कुठे निघालात?”

“जरा खाली जाऊन येतो. आंटींना ईस्टरच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या.”

“कुठल्या ईस्टरच्या?”

“कालच्या,” मधुसूदनराव चपलांकडे बघत म्हणाले.

अर्चनाताईंनी आपल्या कॉफीचा एक सावकाश घोट घेतला. “मग त्यांचा पेला न्या. भांडं रिकामं परत करू नये, पण आज चालेल.”