काठोकाठ पियाला

मार्गिलान शहरातल्या चायखान्यात तोलिब बाबांची एकच बढाई चाले. "कुणाच्या मनात काय आहे ते मी पियाल्याकडे बघून सांगतो! घोटभर चहा ओतला की समजायचं, बसा, अजून ओतायचाय. काठोकाठ भरला की समजायचं, प्या आणि उठा! आणि आमची नोझिमा? अशी सून दिवा घेऊन शोधा! पियाल्याचा तळ जेमतेम झाकते!"

मंडळी माना डोलवत. मंडळींना दुसरं कामही नसे.

त्या उन्हाळ्यात बाबा जर्दाळू काढायला झाडावर चढले आणि फांदीसकट खाली आले. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टर मुअत्तर यांनी बाबांना बाकावर बसवलं आणि मुलाला, एल्योरला, व सुनेला आत घेऊन दार लावलं. मनगट बाबांचं, पण बोलणं त्या दोघांशी!

"काय म्हणाली रे?" बाबांनी एल्योरला विचारलं.

"काही नाही बाबा. ताकदीच्या गोळ्या दिल्यात."

"मग दार कशाला लावलं?"

"वारा येत होता."

वारा! एवढ्या उकाड्यात! बाबा बुचकळ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा न्याहारीसाठी अंथरलेल्या दस्तरखानापाशी येऊन बसले, तर त्यावर नान नाही! नोझिमानं एक गोळी आणि पाण्याचा पियाला पुढे केला. पियाला काठोकाठ! इतका भरलेला की तिची बोटं ओली झाली होती.

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. "नान कुठाय?"

"अर्ध्या तासानं देते, बाबा."

म्हणजे उपाशी निघायचं? बाबांनी हताश होऊन लोडाला पाठ टेकली.

"अहो, टेकू नका! उठा, अंगणात फिरा बघू!"

"का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय." आणि सून लगबगीनं आत पळाली.

ज्या घराच्या विटा स्वतः रचल्या, त्या घरात टेकायची चोरी! संध्याकाळी मात्र त्याच सुनेनं घोटभर चहा ओतून अदबीनं पियाला दिला. बाबांचं डोकं गरगरलं. सकाळी हाकलते, संध्याकाळी बसा म्हणते! हिच्या मनात आहे तरी काय?

पुढच्या सकाळी तेच. आता बाबांनी इज्जत राखायची युक्ती काढली. सगळं पाणी गुलाबाच्या मुळाशी ओतलं, तळाशी घोटभर ठेवलं आणि तेवढ्यावर गोळी गिळली. मग जर्दाळूखालच्या खाटेवर खुशाल आडवे झाले. थोड्या वेळानं छातीत असं जळायला लागलं की जणू तंदूरच पेटला! बाबांनी ठरवलं, हे अपमानाचंच दुखणं आहे.

त्यांनी रजईचं बोचकं बांधलं आणि पलीकडच्या मोहल्ल्यात लेकीचं घर गाठलं. ओयदिननं दारातच मिठी मारली. रात्री चहाही कसा घोटभर दिला! बाबांना भरून आलं. लेक ती लेकच!

सकाळी ओयदिन आली. हातात गोळी आणि पियाला. काठोकाठ!

"तूसुद्धा?"

"एल्योरचा फोन आला होता, बाबा. प्या पटकन, आणि बसू नका हं!"

बाबांनी गोळी खिशात टाकली, बोचकं उचललं आणि तडक दवाखाना गाठला. पोरांना फितवणारी हीच! डॉक्टर मुअत्तर यांच्या टेबलावर त्यांनी बोचकं दाणकन आपटलं.

"मला माझ्याच घरातून काढणारी तू कोण गं?"

"मी? बाबा, तुम्ही गोळी घेतलीत ना?"

"कालपर्यंत घेतली. छातीत आग पेटली!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पाणी किती प्यालात?"

"इज्जतीपुरतं!"

डॉक्टर आधी गोंधळल्या, मग खुर्ची ओढून बाबांसमोर बसल्या. त्यांनी बाबांचा घसा पाहिला, छाती तपासली आणि हुश्श केलं. "ऐका बाबा. तुमची हाडं ठिसूळ झालीत, त्यावर ही गोळी आहे. ती अडकली तर अन्ननळी भाजते, म्हणून भरपूर पाणी. आडवं पडलात तर ती वर येते, म्हणून फिरायचं. आधी खाल्लंत तर औषध लागू पडत नाही, म्हणून नान उशिरा. जळजळ पूर्ण थांबेपर्यंत गोळी बंद, आणि परत सुरू करायच्या आधी मला भेटायचं."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही घाबराल म्हणून."

"हाडांना? पोरी, मी माझ्या घराला घाबरलो होतो गं!" आणि बाबांचे डोळे खरंच भरून आले.

डॉक्टरांना इतकं ओशाळं वाटलं की त्यांनी बोचकं स्वतः उचललं आणि बाबांना घरी पोचवलं. सगळं कळल्यावर नोझिमा रडली, एल्योरनं उठून घराची सगळी दारं सताड उघडली. बाबांनी गरमागरम नान मोडली आणि फर्मावलं, "आज डॉक्टरीणबाईंना चहा मी देणार!"

बाबांनी डॉक्टरांकडे मायेनं पाहिलं. दिवसभर पेशंटशी बोलून पोरीचा घसा कोरडा पडत असेल, हाडंही झिजत असतील. त्यांनी पियाला भरला. आणखी भरला. काठोकाठ! आणि हसतमुखानं पुढे केला.

डॉक्टर मुअत्तर मार्गिलानच्याच. त्यांनी पियाल्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पियाला तसाच खाली ठेवला आणि चपला शोधू लागल्या.

"अगं, थांब पोरी!" बाबा अनवाणी मागे धावले. "सांगायचं राहिलं!"