शाळेची रात्र

बोरुडे गुरुजींना भूक लागली, ताप आला, पाठ धरली, तरी ते कुणाला सांगायचे नाहीत. पण रात्री साडेआठनंतर गल्लीतलं एखादं पोर जागं दिसलं, की साऱ्या शेवगावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "हे कुणाचं?" जशी काही कुणाची शेळीच सुटून आलीय.

दुष्काळाची वर्षं होती ती. आमच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीत ज्वारीऐवजी रेशनचा लाल मिलो दळला जायचा, आणि त्याच्या भाकरीला नावं ठेवत आम्ही मोठे होत होतो. गुरुजी आमच्या समोरच्या खोलीत एकटे राहायचे, खानावळीत जेवायचे आणि प्राथमिक शाळेत शिकवायचे. एवढ्यावर थांबले असते तर आमचं बालपण सुखात गेलं असतं.

पण त्यांनी आमच्या झोपेचं वेळापत्रक ठरवून टाकलं होतं. पहिली-दुसरीनं आठला, तिसरीनं सव्वाआठला, चौथीनं साडेआठला अंथरुणात असलंच पाहिजे. शुक्रवारी त्याहून लवकर, कारण शनिवारी सकाळची शाळा. वरच्या वर्गात गेलं की पाव तास बढती. शेखचाचांचा रशीद तिसरीत नापास झाला, त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण हातचा पाव तास गेला म्हणून तो ओट्यावर बसून ढसाढसा रडला. गुरुजींनी त्याला जवळ घेतलं, त्याचं नाक पुसलं, गोळी दिली. वेळ मात्र वाढवून दिली नाही.

जेवणं आटोपली की हातात बॅटरी घेऊन स्वारी निघायची. "अंथरूण हा पहिला तास, शाळा हा दुसरा. पहिल्या तासाला गैरहजर राहील तो दुसऱ्या तासाला पेंगेल," असं ते आयांना बजावायचे. कुणी लाडात येऊन "थोडं खेळू द्या ना गुरुजी" म्हटलं, की ठरलेलं उत्तर, "ही शाळेची रात्र आहे, जत्रेची नव्हे." मग पोराला आत नेऊन आडवं करायचं आणि वाकळ पायाखाली नीट दुमडून द्यायची. म्हणायचे, "पाय झाकले की डोळे आपोआप झाकतात." खरं सांगते, झाकायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि तेवढीच झोपही यायची, आणि दरवेळी झोपच जिंकायची.

एकदा गावाबाहेर तंबूतला सिनेमा आला. संध्याकाळपासून त्याचा कर्णा गाणी ओकायला लागला, आणि आमच्या गल्लीत कुणाचा डोळा लागेना. गुरुजी थेट मालकाकडे गेले आणि म्हणाले, "कर्ण्याचं तोंड मळ्यांकडं फिरवा. तिकडं पोरं कमी आहेत." मालक बिचारा सज्जन, त्यानं फिरवलं. तर मळ्यातली माणसं बैलगाड्या जुंपून यायला लागली आणि तंबू भरून वाहायला लागला. मालकानं खूश होऊन गुरुजींना फुकट पास दिला. गुरुजी सिनेमाला गेले ते खुर्चीवर न बसता तंबूभर बॅटरी मारत फिरले आणि आमच्या शाळेची तीन पोरं घेऊन परत आले.

माझ्या वडिलांना हा कारभार पसंत नव्हता. "गुरुजी, पोरं आमची हायेत का तुमची?" त्यांनी एकदा तोंडावर विचारलं.

"सुट्टीला तुमची. शाळेच्या दिवसांत माझी."

"मग तुमची स्वतःची कुटं हाय?"

वडिलांनी चेष्टेत विचारलं होतं. पण गुरुजी बॅटरी विझवून आमच्या पायरीवर बसले. त्यांना एक मुलगी होती, मंदा, माझ्याच एवढी. तिची आई खर्ड्याला शाळेत बाई होती, आणि मंदा आईपाशी राहायची. बदल्यांसाठी अर्ज करून दोघांचे हात दुखले होते, पण नोकऱ्या काही एका गावात येत नव्हत्या.

"दर महिन्याला जाता की तुमी," आई म्हणाली.

"जातो ना वहिनी. शनिवारची शाळा सुटली की गाडी धरतो. रात्री पोचतो. ती रात्र सुट्टीची, पोरगी उड्या मारत असते, कुणाचं ऐकत नाही. रविवारची रात्र शाळेची. पण रविवारी दुपारी मला परत निघावं लागतं." मग म्हणाले, "दिवाळीत, मे महिन्यात असतो मी घरी. पण सुट्टीतला बाप म्हणजे पाहुणा. दप्तर भरून ठेवलंय, उद्याची पाटी पुसून ठेवलीय, आणि पोर झोपायला आपल्याजवळ येतंय, असं माझ्या नशिबात एकदाही आलं नाही."

"यील की. पोरगी कुटं पळून चाललीय?"

"चौथीपर्यंतच हो असतं ते. पाचवीपासून मूल आपलं आपण झोपतं."

त्या दिवसानंतर वडील पुन्हा काही बोलले नाहीत. उलट गुरुजी यायच्या वेळेला आपणहून रेडिओ बारीक करायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात गुरुजींनी डोकं लढवलं. स्वतः खर्ड्याला बदली मागितली आणि बाईंना शेवगाव मागायला लावलं. "दोन्ही डगरींवर हात ठेवलाय. एक तरी लागेल."

"आन् दोन्ही लागल्या म्हंजे?" वडील म्हणाले.

गुरुजी पोटभर हसले. "इतकं नशीब बोरुड्यांच्या घराण्यात कुणाचंच नाही."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी चौथीत गेले, मंदाही गेली. आणि एक दिवस गुरुजींच्या हातात खर्ड्याची ऑर्डर पडली. माणूस वेडा व्हायचा बाकी राहिला. त्याच दिवशी त्यांनी शाळेतून सुटका करून घेतली, ट्रंक बांधली, प्रत्येक आईला तिच्या पोराची वेळ पुन्हा एकदा बजावली. कुणीतरी म्हणालं, घरी कळवून तरी जा. "छे छे, अचानक दारात उभा राहतो," म्हणाले. दुपारच्या गाडीनं गेले. आम्ही पोरांनी त्यांना स्टँडवर निरोप दिला आणि येताना आनंदानं नाचलो.

त्याच संध्याकाळी पाथर्डीच्या गाडीतून एक बाई उतरल्या. बरोबर ट्रंक, वळकटी आणि दोन वेण्यांची मुलगी. आमच्या दारात येऊन त्यांनी विचारलं, "बोरुडे गुरुजींची खोली हीच ना? मला इथली ऑर्डर मिळालीय. त्यांना सांगितलेलं नाही, गंमत करायची होती."

आईनं कपाळाला हात लावला. वडिलांनी ट्रंक आत घेतली. मग हिशेब लागला, की वाटेत पाथर्डीच्या स्टँडवर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. गुरुजी आपल्या गाडीत ट्रंक सांभाळत बसलेले, आणि मंदा आईच्या मांडीवर डोकं ठेवून.

दोघी आमच्याकडेच राहिल्या. गुरुजींनी खर्ड्याला कुलूप पाहिलं, शेजाऱ्यांकडून सगळं ऐकलं, पडवीत रात्र काढली आणि पहिली गाडी धरली. दुसऱ्या दिवशी ते गल्लीत शिरले तेव्हा आम्ही शाळेतून परत आलो होतो. दोन जागी गाड्या बिघडल्या होत्या. डोळे लाल, धोतर धुळीनं माखलेलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघं हसायलाच लागली, इतकी, की बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना.

वडील म्हणाले, एक बदली रद्द करून घ्या. गुरुजी म्हणाले, अर्ज करतोच, पण जून सरला, आता पुढच्या उन्हाळ्याशिवाय काही हलणार नाही. पुढचा उन्हाळा म्हणजे मंदाची पाचवी, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. मंदाला बरोबर न्यावं, तर गुरुजींना भाकरी थापता यायची नाही. खर्ड्याला हजर व्हायला त्यांना पहाटेच निघायचं होतं. हातात एवढी एकच रात्र होती, आणि ती शाळेची होती.

गुरुजींनी स्वतः मंदाचं दप्तर भरलं. पाटी पुसली. जेवणं झाल्यावर समोरच्या खोलीत अंथरूण घातलं आणि तिला म्हणाले, "चौथीला साडेआठ. ये." ती त्यांच्याजवळ जाऊन आडवी झाली. आम्ही सगळी पोरं, रशीदसुद्धा, दाराशी दाटी करून उभी होतो. आम्हांला त्या दिवशी कुणी वेळ विचारली नाही.

"अण्णा, गोष्ट सांगा," मंदा म्हणाली.

"सांगतो की. एक होता राजा..." गुरुजी म्हणाले. मग बराच वेळ राजाचं पुढं काही झालं नाही. आम्ही वाकून पाहिलं, तर राजा तसाच राहिला होता आणि गुरुजींना गाढ झोप लागली होती. चष्मासुद्धा डोळ्यांवर तसाच.

मंदा उठून बसली. तिनं त्यांचा चष्मा काढून दप्तराशेजारी ठेवला. मग आमच्याकडे वळून डोळे वटारले.

"हळू बोला," ती म्हणाली. "पहाटे गाडी आहे त्यांना."