खालची टाकी

कौस्तुभने माशांच्या टाकीखालच्या फिल्टरचा नकाशा पुन्हा काढायला घेतला, तेव्हा त्याच्या बायकोने, किशोरीने, त्याच्यापुढे चहाऐवजी ओलं फडकं आपटलं. "अवो, आता एकदा जरी पाणी घरात इला, तर मासे कोणाकतरी देऊन टाकतलंय!"

त्याच्या आईची, सुभद्राबाईंची, सगळी हयात मालवणच्या बाजारात मासे विकण्यात गेली. "लोक मासो आणून खातत," त्या ओटीवरून म्हणाल्या, "माझो झील मासो आणून पोसता!"

ओरोसच्या कचेरीत दिवसभर फायली उपसून, एसटीत उभ्याने घरी यायचं आणि पाण्याची वाट आखत बसायचं, याची कौस्तुभला स्वतःलाच कीव यायची. पण या वेळी नकाशा जमला होता. वरच्या काचेच्या टाकीतलं पाणी पाइपाने खालच्या टाकीत उतरायचं, स्पंज आणि खड्यांतून गाळून पंपापाशी यायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. लाईट गेली की पंप बंद पडणार आणि वरचं थोडं पाणी खाली येणारच, म्हणून खालची टाकी त्याने मुद्दाम अर्धी रिकामी ठेवली. त्यानंतर लाईट कितीदा गेली, तरी फरशी कोरडी राहिली.

आणि शुक्रवारी तो घरी आला, तर लाईट गेलेली आणि हॉलभर पाणी. किशोरी पदर खोचून पाणी काढत होती.

कौस्तुभने वाकून पाहिलं. "पण खालची टाकी भरली कशी?"

"मिया भरलंय," आई म्हणाली. "सकाळी नळ इलो. घरातला भांडान् भांडा काठोकाठ भरलंय, तुझीच टाकी अर्धी. उद्या पाणी नाय इला मगे?"

नळ दिवसाआड येणाऱ्या घरात आईचंही बरोबरच होतं. कौस्तुभ ओल्या फरशीवरच बसला.

"देऊन टाकूया मासे. माका आता झेपणा नाय."

बोलला आणि त्याला एकदम हलकं वाटलं. रविवारी टाकी न घासता मनसोक्त झोपता येणार होतं.

"खंय देतलस?" आई उसळली. "दुपारी त्या पाण्याचो आवाज नसलो तर माका डोळो लागणा नाय!"

कौस्तुभने आशेने बायकोकडे पाहिलं. किशोरीने पाणी काढायचं थांबवलं, क्षणभर विचार केला आणि त्याच्या कानाशी येऊन कुजबुजली, "आये दुपारभर जाग्या रवल्यो तर माका परवडात काय? पेन्सिल घेवा. नवो नकाशो काढा."

कौस्तुभने सुस्कारा सोडला, कोरा कागद ओढला आणि त्यावर सगळ्यांत आधी एक कुलूप काढलं.